सांडूच्या खिशातलं वचन

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी कारभारीच्या घरात चहासुद्धा चिठ्ठ्या काढून झाल्यावरच मिळायचा. मग बाहेर कितीही थंडी असो. टेंभुर्णीच्या अलीकडच्या त्या गावात तीन ख्रिस्ती घरं होती, त्यातलं हे ओढ्याच्या बाजूचं शेवटचं. सत्त्याऐंशी साल उजाडलं तेव्हा घोंगडीवर चार माणसं गोल बसली होती. म्हातारा कारभारी, त्याची बायको सगुणाबाई, धाकटा मुलगा दाऊद, आणि दोन महिन्यांपूर्वी अंबडकडून लग्न होऊन आलेली दाऊदची बायको कौसल्या. मधोमध बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता.

डब्यात वचनं होती. थोरला मुलगा सांडू जालन्याला बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकला होता. त्याने वहीची पानं कापून त्यांवर निळ्या शाईने पवित्र शास्त्रातली एकेक ओळ उतरवली होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची. जे निघेल ते त्या माणसाला देवाचं वर्षभराचं वचन. चिठ्ठी वर्षभर जवळ बाळगायची आणि एकतीस डिसेंबरला घडी घालून परत डब्यात टाकायची. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत कोणी मेलं, तर त्याची चिठ्ठी त्याच्यासोबत पेटीतून मातीत जायची.

असं आजवर एकदाच झालं होतं, आणि तेही चिठ्ठ्या लिहिणाऱ्या सांडूच्याच बाबतीत. गेल्या वैशाखात गावच्या बागायतदार आबारावांच्या विहिरीत खोदकामाचा सुरुंग उडाल्यावर तो घाईने खाली उतरला. धूर अजून निवळला नव्हता. भोवळ आली आणि सव्वीस वर्षांचा गडी गुडघाभर पाण्यात पालथा पडून मेला. त्याला पेटीत ठेवलं तेव्हा सगुणाबाईने आपल्या हाताने त्याच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी सरकवली होती. सगळ्या आळीने ते पाहिलं होतं.

दरसाल पहिला हात सगुणाबाईचा असे. यंदा कारभारी म्हणाला, "नवी सून आलीया घरात. तिला काढू द्या आधी."

सगुणाबाईचा हात डब्याकडे निघालाच होता. तो तसाच अधांतरी राहिला. "मी काढते की. दरसालचं हाये ते."

"एक साल मागून काढ. काय बिघडतं?"

कौसल्या लाजली. डोळे मिटून तिने वरवरची एक चिठ्ठी उचलली. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिने ती नवऱ्याकडे दिली. दाऊदने घडी उलगडली आणि कागद उजेडाकडे धरला.

"काय निघालं रे?" कारभारीने विचारलं.

दाऊदने चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली. तिची शाई घामाने पसरली होती आणि एका कोपऱ्यावर वंगणाचं काळं बोट उमटलेलं होतं. "दादाची हाये," तो म्हणाला. "त्याला निघाल्ती तीच."

"येडा झाला का? ती त्याच्यासंगं गेल्ती."

"बघा की मंग तुमीच."

म्हाताऱ्याने चिठ्ठी डोळ्यांपाशी नेली. मग तिची घडी घातली, कौसल्येच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. "निघाली ती निघाली. वापस टाकता येत न्हाई," तो म्हणाला.

बाकीच्यांनी आपापल्या चिठ्ठ्या काढल्या, पण कोणाला काय निघालं ते त्या दिवशी कोणाच्याच डोक्यात शिरलं नाही. चहात साखर घालायची राहिली होती. चौघांनी तो तसाच पिऊन टाकला.

कौसल्येने सांडूला कधी पाहिलं नव्हतं. घरात त्याचा फोटोही नव्हता. खुंटीवर त्याची एक टोपी होती, तेवढीच. पण त्या दिवसापासून तिच्या पदराच्या गाठीत त्याचा घाम होता. माणूस मातीत आणि त्याची चिठ्ठी वर, हे कसं झालं असेल याचा विचार करायला लागली की ती गाठ चाचपून बघायची.

कामाला तर खंड नव्हता. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता आणि आबारावांची तीनशे मोसंबीची झाडं पानं वळवून उभी होती. विहीर अजून सात-आठ हात खाली नेल्याशिवाय बाग वाचणार नव्हती. गावातला गडी त्या विहिरीवर यायला तयार नव्हता. "तिला माणसाची चटक लागलीया," असं लोक पारावर उघड बोलत. म्हणून कारभारीचं घरच तिथे राबत होतं. बाप-लेक खाली दगड फोडायचे, पाट्या भरायचे, आणि दोघी सासू-सुना काठावर हाताने फिरवायची यारी ओढून डबर वर काढायच्या.

दोन जानेवारीला कौसल्या भाकरी बांधून निघाली, तर सासू दारात आडवी.

"तू न्हाई यायचं."

"आत्याबाई, यारी एकलीला ओढंल का?"

"ते माझं मी बघंन. विहिरीकडं फिरकायचं न्हाई. बिलकुल."

त्या दिवसापासून तिचं विहिरीवर जाणं बंद झालं. मग पाणी शेंदणं बंद झालं. मग ओढ्यावर धुण्याला जाणंही. सगुणाबाई जिभेने कडक बाई, पण ती आता सुनेला तव्यावरची पहिली भाकरी वाढायची आणि दुधाची वाटी समोर ठेवून ती संपेपर्यंत बसायची. जत्रेच्या आधी बोकडाला असाच हिरवा पाला मिळतो, आणि बोकडाला काय, तो खुशाल खातो. कौसल्या बोकड नव्हती. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

सगळ्यात वाईट होती ती दिवेलागणीची प्रार्थना. ओसरीवर कंदील लागला की शास्त्र उघडायचं. एक ओळ कारभारी वाचायचा, एक दाऊद, आणि बायका मागून म्हणायच्या. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि कारभारी एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागायचा. दाऊदसाठी एक वाक्य, सगुणासाठी एक. कौसल्येचं नाव आलं की त्याचा आवाज खाली उतरायचा. "बापा, या लेकराला राख. हिच्यावरची घडी टाळ. टळत नसंल तर हिला हातात घे." रोज तेच. मिटल्या डोळ्यांआड कौसल्येला वाटायचं की आपलं नाव दोराला बांधून कोणी खोल सोडतंय. आमेन झाल्यावर डोळे उघडले, की सासू तिच्याचकडे बघत असायची.

एकदा भरदुपारी ती घरात एकटी होती. विहीर तीन शेतं पलीकडे, पण वारा पडला की घणाचा आवाज घरापर्यंत यायचा. ठण्ण, मग जरा वेळ, मग पुन्हा ठण्ण. तो आवाज ऐकू येतोय तोवर नवरा जिवंत आहे, असा तिचा हिशेब. मग बोलण्याचा आवाज झाला आणि तिघंही दारात उभी राहिली. डबर न्यायची गाडी आली नाही म्हणून आज लवकर जेवायला आले होते. तिने ताटं घेतली. पहिला घास मोडला आणि लांबून आवाज आला, ठण्ण.

दाऊदचं चावणं थांबलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. जरा वेळ गेला. पुन्हा ठण्ण.

"कोण हाये तिथं?" कौसल्येने विचारलं.

"कोणी न्हाई," कारभारी ताटातून मान वर न करता म्हणाला. "दगड तापला की वाजतो. जेवा."

सगुणाबाई मात्र उठून दाराशी गेली आणि आवाजाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओढ होती. कौसल्येला ते पाहवलं नाही.

शेजारच्या तुळजाबाईने एकदा कुंपणापाशी हटकलं. तुळजाबाई म्हणजे शेती-भाती असलेल्या घरची बाई, मनाने चांगली. "पोरी, वाळून काटकी झाली की तू. काय लागलंय तुला?"

कौसल्येने सगळं सांगितलं.

"तुमी देव बदलला, पण विहिरीतल्या साती आसरांनी घर बदललं न्हाई बाई. त्या जिथल्या तिथं हायेत. एक खण अन् नारळ सोड पाण्यात. कोणाला सांगू नको. सुटशील." आणि तिने घरातून नारळ आणून हातात दिलासुद्धा.

कौसल्येने तो ज्वारीच्या कणगीत लपवला. तिसऱ्या दिवशी सासूचा हात नेमका तिथेच गेला. आता घरात आकांत होणार म्हणून कौसल्या भिंतीला टेकली. पलीकडच्या ख्रिस्ती घरच्या बाईने एकदा देवीची ओटी भरली, तर सगुणाबाई सहा महिने तिच्या हातचं पाणी प्यायली नव्हती. पण सासूने नारळ दोन्ही हातांत धरला, परत ज्वारीत ठेवला आणि वरून दाणे लोटले.

"टाकून ये," ती हळू आवाजात म्हणाली. "म्या काही पाह्यलं न्हाई."

कौसल्या खरी हादरली ती तेव्हा. शास्त्र डोक्याखाली घेऊन निजणारी बाई असं बोलते, म्हणजे आपलं मरण हिला पक्कंच दिसत असलं पाहिजे. नारळ कणगीतच राहिला. विहिरीकडे जायला ती धजली नाही.

मार्च अर्धा सरला. एका शनिवारी दाऊदच्या उजव्या हातावर दगड निसटला आणि दोन बोटं चेचली. जाफराबादच्या डॉक्टरने फळी बांधून महिनाभर हात हलवू नको म्हणून सांगितलं. रविवारी आबाराव दारात आले. बाग सुकत चाललेला माणूस, पण बोलण्यात तोल होता.

"कारभारी, तुमच्या पोराचं दुखणं मला कळतं. पण झाडं थांबायची न्हाईत. उद्यापासून खाली दोन माणसं पाहिजेत. नसतील तर जल्दी सांगा, मी दुसरी टोळी लावतो."

"दोन माणसं असतील," कारभारी म्हणाला.

कुठून असतील ते त्याने सांगितलं नाही. संध्याकाळी कंदील लावून सगळे बसले तेव्हा तो म्हणाला, "मी फोडीन. पाटी भरायला कोणीतरी पाहिजे."

"मी येते," सगुणाबाई लगेच म्हणाली. फार लगेच म्हणाली.

वाचन झालं. डोळे मिटले. दाऊदच्या हातासाठी मागणं झालं, बागेसाठी झालं, आणि कारभारीचा आवाज खाली उतरला. "बापा, आमची कौसल्या..."

"मामा, माझं नाव घेऊ नका."

प्रार्थना चालू असताना त्या ओसरीवर कधी कोणी शिंकलंही नव्हतं. कारभारीने डोळे उघडले.

"अडीच-तीन महिने झाले, रोज दिवेलागणीला तुमी मला पुरून राह्यले," कौसल्या म्हणाली. "मी जित्ती हाये. भाकरी खाते, झाडते, लोटते. माझ्यासाठी मागायचं तर आधी एक सांगा. ती चिठ्ठी मातीतून वर आली कशी?"

"देवाची करणी, पोरी. आपल्याला काय..."

"मातीत गेलीच न्हाई ती," सगुणाबाई म्हणाली.

कंदिलाची वात फडफडली आणि दाऊदने सवयीने हात पुढे केला, मग फळी आठवून मागे घेतला.

"तू खिशात घातली. म्या पाह्यलं," कारभारी म्हणाला.

"घातली ती माझी व्हती. माझ्या सालाची. त्याची मी चोळीत ठेवली." सगुणाबाई घोंगडीचा एक धागा ओढत होती. "त्याच्या हातचं लिव्हणं, त्याचा घाम. तिच्यावर कशी माती लोटू मी? माझं वचन त्याला दिलं अन् त्याचं मी घेतलं."

"मंग डब्यात कशी आली?"

"एकतीस तारखेला माझी म्हणून तीच टाकली. शेवटाला टाकली, वर ऱ्हावी म्हणून. दरसाल पहिला हात माझा. ती मलाच निघंल, अन् त्याला घेऊन गेली तशी मलाबी घेऊन जाईल." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी म्हणाले, नवी सून काढंल."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. दाऊद ओरडला, "अगं माय, मंग तवाच बोलली काहून न्हाई?"

"काय बोलू? मेलेल्या लेकराची चिठ्ठी चोरली म्हणू? देवाच्या डब्यात लबाडी केली म्हणू?" ती आता सुनेकडे वळली. "माझं मरण तुझ्याकडं गेलं पोरी. म्हणून तुला विहिरीकडं जाऊ दिलं न्हाई. रोज वाटायचं, आज सांगावं. दातखीळ बसायची."

कौसल्येला संताप आला. तिच्या अंगावरचं मांस या बाईने अडीच महिने थोडं थोडं करून उतरवलं होतं, वर दुधाची वाटी पाजून. उठावं आणि तोंडावर बोलावं असं तिला वाटलं. पण सासूचा हात पुढे आला होता. तळहात उघडा, त्यावर यारीच्या दांड्याचे घट्टे.

"दे. माझी मला दे. उद्या मी उतरते."

एवढंच करायचं होतं. गाठ सोडायची, कागद द्यायचा, आणि निवांत झोपायचं. या एका गोष्टीसाठी कौसल्या इतके दिवस झुरत होती. तिची बोटं गाठीपर्यंत गेलीसुद्धा. पण सासूच्या डोळ्यांत तीच ओढ होती, दुपारच्या आवाजाच्या वेळची. चिठ्ठी हातात पडली की ही बाई उद्या खाली जाईल आणि वर यायची घाई करणार नाही, हे तिला लख्ख कळलं. विहिरीला काही करायची गरजच पडणार नव्हती.

तिने चिठ्ठी सोडली आणि दाऊदपुढे धरली. "वाचा."

"काय वाचू?"

"काय लिव्हलंय ते. त्या दिवसापासून कोणी वाचलंच न्हाई मला."

खरंच वाचलं नव्हतं. घरात शास्त्र रोज उघडत होतं आणि ही एक ओळ सगळ्यांनी सापासारखी गुंडाळून ठेवली होती. दाऊदने डाव्या हाताने कागद कंदिलाशी नेला आणि अडखळत वाचला. खोल पाण्यातून जायची पाळी आली तरी देव संगतीला असेल, नद्या बुडवणार नाहीत, असं त्यात होतं.

"इतकंच?"

"इतकंच."

"ह्याच्यात मरायचं कुठं लिव्हलंय?"

चाळीस वर्षं शास्त्र वाचणाऱ्या कारभारीने कागदावर वाकून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "पण सांडू गेला की पोरी. पाण्यातच गेला."

"गेले. पण एकलेच व्हते का संगं कोणी व्हतं, ते वरून आपल्याला काय दिसलं?" कौसल्येने कागदाची घडी घातली आणि पदराला पुन्हा गाठ मारली, दातांनी आवळून. "ही मला निघाली, आत्याबाई. मी देत न्हाई. उद्या खाली मी जाईन. तुमी वर यारी धरा."

सगुणाबाईचा हात तसाच उघडा राहिला. मग म्हाताऱ्याने तो आपल्या हातात घेतला आणि मांडीवर ठेवला. त्या दिवशी आमेन कोणी म्हटलं नाही.

सोमवारी ऊन चांगलं वर आल्यावर सगळे विहिरीवर जमले. आबाराव लिंबाखाली उभे होते. यारीपाशी दाऊद एका हाताने आणि सगुणाबाई दोन्ही हातांनी. कौसल्येने कासोटा घातला. अर्ध्यापर्यंत दगडात खोदलेल्या पायऱ्या होत्या, तिथून पुढे दोराची शिडी. शिडीवर पाय ठेवताना ती इतकी घाबरली होती की तिला स्वतःचे दात वाजताना ऐकू येत होते. चिठ्ठी वाचून भीती गेली असं काही नव्हतं. भीती होतीच, फक्त आता ती तिची एकटीची होती.

खालून आभाळाचा ताटाएवढा तुकडा दिसत होता. सुरुंगाच्या दारूचा वास वर्षभराने अजून दगडात होता. पाणी घोट्याएवढं आणि बर्फागत गार. मागून उतरणाऱ्या कारभारीचा गुडघा शेवटच्या पायरीवर धरला आणि तो तिथेच दम खात बसला. "थांब पोरी, आलो मी," तो वरून म्हणाला.

थांबून उभं राहणं तिला जमेना. उभं राहिलं की कान सुन्न व्हायचे. तिने शनिवारचा फुटका दगड पाटीत भरायला घेतला. भरता भरता पाटी शिगेला गेली. अशी पाटी दोघांनी दोन कड्या धरून उचलायची आणि चार पावलं चालून यारीच्या डोलात रिती करायची. एकट्याचं ते काम नव्हतं. तरी तिने आपल्या बाजूची कडी धरून जोर लावला.

पाटी उचलली गेली. वाकडी न होता, दोन्ही बाजूंनी सारखी.

कौसल्येने पलीकडे पाहिलं नाही. मानेवरचे केस उभे राहिले, पण कडी सुटली नाही. ती एक पाऊल चालली. तिच्या पावलाचा पाण्यात डबक आवाज झाला, आणि पाटीच्या पलीकडच्या बाजूला, तिच्या जोडीने, दुसरा झाला. चार पावलं. पाटीतला एक खडा हलला नाही. डोलाच्या काठावर पाटी टेकली आणि अलगद कलंडली.

"कौसल्ये!" वरून सगुणाबाईचा आवाज आला. "एकलीनं उचलू नको गं! मामाला येऊ दे!"

कौसल्या मान वर करून, आभाळाच्या त्या तुकड्याकडे बघत, होतं नव्हतं ते बळ लावून ओरडली.

"ओढा आत्याबाई! मी एकली न्हाई!"

वर यारीचा दांडा थांबला. सगुणाबाई काठावर वाकली. खाली उन्हाची तिरीप जिथे पाण्याला लागत होती तिथे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवायला घेतला.